हलक्या ठोशाचा जगज्जेता: मिगेल कान्तोची कारकीर्द आणि तुमचा 48 किलोचा मुलगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे सोळा वर्षांचा, 48 किलोचा मुलगा सरावाला येतो. हात चपळ आहेत, पण ठोशात जोर नाही. "मेक्सिकन बॉक्सर बघा, समोरच्याला कसे आडवे करतात, याच्यात तो दम नाही, सोडायला लावा," असं एका जाणत्याने तुम्हाला सुनावलं. मग कुणीतरी मिगेल कान्तोचं नाव सांगितलं आणि तुम्ही त्याचा रेकॉर्ड उघडून बसलात: 61 विजय, 9 पराभव, 4 बरोबरी, आणि नॉकआउट फक्त 15. माणूस मेक्सिकोचाच, फ्लायवेट या अगदी हलक्या वजनगटाचा, आणि जगज्जेतेपद तब्बल 14 वेळा राखलेला. हे त्याला कसं जमलं, आणि तुमच्या मुलाने त्यातून काय घ्यावं, हे तुम्ही विचारता आहात.

लहान वजनगटांतली मुलं घडवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, आणि कान्तोइतकं मला दुसऱ्या कुठल्याच बॉक्सरने शिकवलेलं नाही. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी मेक्सिकोबद्दलचा गैरसमज दूर करू. पुढे चालत जायचं, बरगड्यांखाली डावा हूक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, रुतवायचा, दोन ठोसे खाऊन तीन द्यायचे, ही मेक्सिकन बॉक्सिंगची जगभर पोचलेली प्रतिमा. ती खोटी नाही. कान्तोच्याच काळात बँटमवेटमध्ये, म्हणजे फ्लायवेटहून वरच्या गटात, रुबेन ओलिवारेस आणि कार्लोस सारातेसारखे भयंकर ठोसेबाज होते, आणि मेक्सिको सिटीतला प्रेक्षक त्यांच्यावर जीव ओवाळून टाकायचा. पण त्याच देशाने कान्तो दिला, साल्वादोर सांचेस दिला, गिल्बेर्तो रोमान दिला, रिकार्दो लोपेस दिला. डोक्याने लढणाऱ्यांची ही परंपरा तितकीच मेक्सिकन आहे. गर्दीला ती उशिरा कळते, एवढंच.

कान्तोचा जन्म 30 जानेवारी 1948 चा, युकातान राज्यातल्या मेरिदा शहरातला. मेरिदा मेक्सिको सिटीपासून खूप दूर आहे, द्वीपकल्पाच्या टोकाकडे. तो माया लोकांचा मुलूख, हवा उष्ण आणि दमट, माणसांची चण लहान. एकट्या मेरिदाने फ्लायवेटचे किती जगज्जेते दिले ते पाहा: कान्तो, गुती एस्पादास, हुआन एर्रेरा, फ्रेडी कास्तियो. सगळे साधारण एका पिढीतले. माझ्या मते यात योगायोग कमी आणि जिमची शिस्त जास्त. लहान चणीची मुलं भरपूर असली की रोज सरावाला तोडीस तोड जोडीदार मिळतो. आपल्याकडे 48 किलोच्या मुलाला 57 किलोच्या मुलासमोर उभं करावं लागतं, कारण दुसरा कोणी नसतो. मग तो मुलगा नुसता जीव वाचवायला शिकतो.

त्या वातावरणात त्याला गुरू भेटला तो हेसुस रिवेरो, ज्याला सगळे 'चोलाइन' म्हणत. बचावाचं बॉक्सिंग ही त्याची खासियत. कान्तोला पुढे 'एल माएस्त्रो' म्हणजे 'मास्तर' हे नाव पडलं, त्यात चोलाइनचा वाटा मोठा होता.

पण सुरुवात कशी झाली ते तुमच्या मुलाला जरूर सांगा. फेब्रुवारी 1969 मध्ये कान्तो पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि तिसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट होऊन हरला. पहिल्याच दिवशी! ज्याच्या नावावर पुढे जगज्जेतेपदाचे चौदा बचाव, म्हणजे पद राखलेल्या चौदा लढती, लागणार होत्या, त्याची कारकीर्द कॅनव्हासवर पडून सुरू झाली. अशा पराभवानंतर कोच सहसा दोन गोष्टी करतात: मुलाला सोडून देतात, किंवा त्याला वजनं उचलायला लावून ठोसा जड करायच्या मागे लागतात. चोलाइनने तिसरी वाट धरली. या मुलाच्या हातात वीज नाही हे मान्य केलं आणि त्याच्याकडे जे होतं, म्हणजे नजर, पाय आणि दम, त्यावर इमारत उभी केली. मेक्सिकोचं राष्ट्रीय विजेतेपद त्यातूनच आलं.

ऑगस्ट 1973 मध्ये तो व्हेनेझुएलात बेतुलिओ गोन्सालेसशी डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेच्या रिकाम्या झालेल्या विजेतेपदासाठी पंधरा राउंड लढला आणि पॉइंट्सवर हरला. पुढच्या वर्षी जपानच्या शोजी ओगुमाने गोन्सालेसला हरवून ते पद घेतलं. आणि 8 जानेवारी 1975 रोजी कान्तो जपानमध्ये सेंदाई इथे गेला, ओगुमाच्या घरात, त्याच्याच प्रेक्षकांसमोर पंधरा राउंड लढला आणि जगज्जेता होऊन परतला. निर्णय एकमताचा नव्हता. एका पंचाने कान्तोला विजयी ठरवलं नाही, बाकी दोघांनी ठरवलं.

ओगुमा साउथपॉ होता, म्हणजे उजवा पाय आणि उजवा हात पुढे. नेहमीच्या पवित्र्यातल्या बॉक्सरला साउथपॉ नकोसा वाटतो, कारण दोघांचे पुढचे पाय एकमेकांवर येतात आणि जॅबची, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ झटपट ठोशाची, वाट समोरच्याचाच पुढचा हात अडवतो. उपाय पायात असतो. आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर टाकायचा. मग त्याचा डावा हात लांब पडतो आणि आपला उजवा सरळ जातो. सांगायला एक वाक्य, अंगी बाणायला दोन-तीन वर्षं. कान्तो ओगुमाशी तीनदा लढला, तिन्ही वेळा जपानमध्ये, आणि तिन्ही लढती जिंकला. पायाचं गणित पक्कं असल्याशिवाय हे होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तो नेमकं करायचा काय?

त्याची उंची पाच फुटांच्या थोडी वर. म्हणजे फ्लायवेटमध्येही, जिथे मर्यादा 50.8 किलोची, तो बहुतेकांपेक्षा बुटका. बुटक्या बॉक्सरने आत घुसून मारामारी करावी असं पुस्तक सांगतं. कान्तोने जॅबवर राज्य केलं. लांब हाताच्या माणसाला जॅबने हरवायचं असेल तर हाताच्या लांबीवर भागत नाही, ठोशाची वेळ त्याच्याआधी साधावी लागते. समोरच्याने खांदा हलवला की याचं डोकं ठोशाच्या रेषेतून सरकलेलं असायचं आणि त्याच क्षणी डावा हात निघालेला असायचा. बचाव आणि हल्ला एकाच हालचालीत. आपली मुलं आधी ठोसा चुकवतात, मग श्वास घेतात, मग मारतात. तोवर समोरचा गार्डमध्ये, म्हणजे हात चेहऱ्यासमोर घेऊन, परतलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तो एक जॅब मारून कधी थांबत नसे. दोन, कधी तीन, एका लयीत. पहिल्याने समोरच्याचा गार्ड वर यायचा, दुसऱ्याने डोळे झाकले जायचे, आणि तेवढ्यात कान्तो अर्धा पाऊल डावीकडे सरकून पोटात हूक ठेवायचा. मग समोरचा उत्तर द्यायला वळला की जागा रिकामी. यातला एकही ठोसा जड नव्हता. पण असे तीन मिनिटांत वीस-पंचवीस बसले तर राउंड कुणाचा, याबद्दल पंचाला फार विचार करावा लागत नाही.

आणि हुलकावणी. खो-खो खेळलेल्यांना हे चटकन कळेल: चांगला धावपटू खांबाजवळ पाठलाग करणाऱ्याला नुसत्या खांद्याने एका बाजूला पाठवतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूने निघतो. कान्तो हेच खांदा, गुडघा आणि नजर वापरून करायचा. समोरच्याने हुलकावणीला उत्तर दिलं की त्याचा तोल जायचा आणि तोल गेलेल्याला हलका ठोसासुद्धा लागतो. तुमच्या मुलाच्या ठोशात जोर नाही असं म्हणणाऱ्याला हे विचारा, की समोरचा तोल सावरून उभा असताना मारतोय की तोल गेलेला असताना?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण कान्तोबद्दल हा आरोप मी ऐकला आहे. तो पळपुटा बॉक्सर नव्हता. दोरांना पाठ लावून गोल गोल फिरणारा आणि वेळ काढणारा तर नव्हताच. तो बहुतेक वेळ समोरच्याच्या टप्प्यात असायचा, हाताच्या अंतरावर, जिथे ठोसा लागूही शकतो. तिथे उभं राहून न लागू देणं हे पळण्यापेक्षा दहापट अवघड आहे आणि त्याला छाती लागते.

आता त्या चौदा बचावांकडे येऊ. सगळ्यांची यादी देत नाही. चौदांपैकी फक्त एक मुदतीआधी संपला, ऑगस्ट 1975 मध्ये जिरो ताकादाविरुद्ध अकराव्या राउंडमध्ये. बाकी तेरा पूर्ण पंधरा राउंड चालले. त्या काळी जागतिक लढत पंधरा राउंडची असे. किम डुक-कू या कोरियन बॉक्सरच्या 1982 मधल्या मृत्यूनंतर डब्ल्यूबीसीने ती बारावर आणली. वजनही लढतीच्याच दिवशी होत असे. आजचा व्यावसायिक बॉक्सर आदल्या दिवशी वजन देतो आणि रात्रभरात पाणी-जेवण घेऊन कितीतरी किलो भरून काढतो. कान्तोला ती सोय नव्हती. सकाळी काट्यावर 50.8 च्या आत आणि संध्याकाळी पंचेचाळीस मिनिटांची लढत. वजन उतरवून उतरवून कोरडा पडलेला माणूस हे वर्षानुवर्षं करू शकत नाही. तो मुळातच फ्लायवेटच्या चणीचा होता आणि तिथेच राहिला. आपल्याकडे मुलाला दोन गट खाली उतरवून पदक आणायचा मोह होतो, त्या कोचांनी हे ध्यानात घ्यावं.

त्या चौदांपैकी आठ लढती मेक्सिकोबाहेर झाल्या, आणि त्यातल्या सहा प्रतिस्पर्ध्याच्याच देशात. गोन्सालेसला तो मोन्तेर्रेमध्ये हरवून मोकळा झाला होता, तरी 1976 मध्ये काराकासला जाऊन पुन्हा लढला आणि जिंकला. मला सर्वांत थक्क करतो तो 1977-78 चा टप्पा. 17 सप्टेंबरला मेरिदात चिलीच्या मार्तिन वार्गासला हरवलं. वार्गास जोरदार ठोसा असलेला, चिलीत देवासारखा मानलेला. 30 नोव्हेंबरला त्याच वार्गासला सान्तियागोत, त्याच्या माणसांसमोर, पुन्हा पंधरा राउंड हरवलं. तिथून पस्तीस दिवसांनी, 4 जानेवारीला, कान्तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जपानच्या कोरियामात ओगुमासमोर उभा होता, ऐन थंडीत. आणि 18 एप्रिलला तोक्योत पुन्हा ओगुमा. सात महिन्यांत चार जागतिक लढती, तीन देश, साठ राउंड, आणि चारही विजय.

ज्याच्या अंगावर ठोसे बसतात त्याला हे शक्य नाही. एका मोठ्या मारामारीनंतर शरीर सावरायला महिने जातात; डोळ्यावरची जखम, बरगडी, हात, काही ना काही दुखत असतंच. कान्तो पस्तीस दिवसांत पुन्हा उभा राहू शकला, कारण आधीच्या लढतीतून तो फारसं नुकसान न होता बाहेर पडला होता. बचावाचा हा फायदा स्कोअरकार्डवर दिसत नाही.

त्याच काळात मेरिदात एक विलक्षण गोष्ट होती. ऑक्टोबर 1976 मध्ये गुती एस्पादासने दुसऱ्या संघटनेचं, म्हणजे डब्ल्यूबीएचं, फ्लायवेट विजेतेपद जिंकलं आणि 1978 पर्यंत राखलं. फ्लायवेटची दोन्ही जागतिक पदं एकाच शहरात! एस्पादास ठोसेबाज, कान्तो मास्तर. गोन्सालेसने 1978 मध्ये एस्पादासला हरवून ते पद घेतलं. म्हणजे ज्याला कान्तोने दोनदा मागे टाकलं होतं त्याच्यात अजून जगज्जेता व्हायचा दम शिल्लक होता. कान्तोचे प्रतिस्पर्धी किती कसाचे होते हे यावरून जोखावं. त्याने हरवलेला सुसुमु हानागाता हा डब्ल्यूबीएचा माजी विजेता होता. ओगुमा 1980 मध्ये पुन्हा डब्ल्यूबीसी विजेता झाला. आणि त्याला 1981 मध्ये हरवणारा अंतोनिओ आवेलार हा तोच, ज्याला कान्तोने फेब्रुवारी 1979 मध्ये चौदाव्या आणि शेवटच्या बचावात पॉइंट्सवर हरवलं होतं.

तुमच्या मनात शंका आली असेल: इतके निर्णय पंचांवर सोडणं धोक्याचं नाही का? आहे. गोन्सालेसवरचे दोन्ही विजय विभागून दिलेल्या निर्णयाचे होते. नॉकआउटची ताकद नसलेला बॉक्सर कायम दुसऱ्याच्या पेन्सिलीवर अवलंबून असतो, आणि परक्या देशात ती पेन्सिल केव्हा वळेल सांगता येत नाही. यावर कान्तोकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे राउंड इतका स्वच्छ जिंकायचा की वाद कमीत कमी उरावा. सुरुवातीचे राउंड घ्यायचे, मधले सांभाळायचे आणि शेवटच्या राउंडांत दम टिकवून पुन्हा वेग वाढवायचा. दमाशिवाय ही शैली म्हणजे आत्महत्या. तुमच्या मुलाचे पाय तिसऱ्या राउंडमध्ये सपाट पडत असतील तर त्याला कान्तो दाखवण्याआधी दोरीवरच्या उड्या आणि धावणं वाढवा.

ही शैली संपते कशी तेही कान्तोनेच दाखवलं. 18 मार्च 1979, बुसान. समोर दक्षिण कोरियाचा पार्क चान-ही, वय एकवीस, 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये खेळलेला, व्यावसायिक लढती अगदी मोजक्या. कान्तो एकतीस वर्षांचा, पाठीशी शेकडो राउंड. पार्क जोरात मारत होता असं नाही. तो कान्तोपेक्षा लवकर पोचत होता. आधी वेळ साधून जिंकणाऱ्या माणसाची वेळ अर्ध्या क्षणाने मागे पडली आणि पंधरा राउंडांनंतर तिन्ही पंचांनी पार्कला विजयी केलं. सप्टेंबरमध्ये सेऊलला परतीची लढत झाली, ती बरोबरीत सुटली आणि पद पार्ककडेच राहिलं. त्याच डिसेंबरमध्ये पार्कने गुती एस्पादासलाही दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं.

कान्तोने तिथेच थांबायला हवं होतं, हे माझं मत. तो 1982 पर्यंत लढत राहिला आणि त्या वर्षांतल्या पराभवांनी रेकॉर्डमधला नऊचा आकडा फुगला. जगज्जेतेपदाचा काळ तेवढा पाहिला तर जानेवारी 1975 ते मार्च 1979 या चार वर्षांत तो एकदाही हरला नाही. चौदा बचावांचा त्याचा फ्लायवेटमधला उच्चांक थायलंडच्या पोंगसाक्लेक वोनजोंगकामने मोडला, तोही एकविसाव्या शतकात. 1998 मध्ये कॅनस्टोटाच्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये कान्तोची निवड झाली.

आता तुमच्या मुलाविषयी. त्याची लढत तीन राउंडची, पंच पाच, आणि प्रत्येक राउंडला दहा गुणांची पद्धत. यात स्वच्छ ठोसा आणि राउंडवरची पकड दिसावी लागते. म्हणजे कान्तोची भाषा इथे चालते, पण त्याची सबुरी चालत नाही. पंधरा राउंडांत पहिले दोन समोरच्याला ओळखण्यात घालवता येतात. तीन राउंडांत ते केलं तर घरी जावं लागतं. म्हणून मुलाला पहिल्या तीस सेकंदांत जॅब पोचवायची सवय लावा.

सराव साधा ठेवा. दोन खांबांना मुलाच्या खांद्याच्या उंचीवर दोर बांधा. दोराखालून डावीकडे-उजवीकडे डोकं काढत पुढे जायचं, आणि दर वेळी डोकं बाहेर आलं की त्याच क्षणी जॅब. आधी डोकं आणि मग जॅब असं तुटक होत असेल तर वेग कमी करा, पण दोन्ही एकत्रच झालं पाहिजे. हे महिनाभर नीट झालं की जॅबनंतर डावा पाय अर्धं पाऊल बाहेर टाकायला शिकवा. जोडीदार शक्यतो त्याच्याच वजनाचा हवा. तुमच्या गावात नसेल तर जवळच्या दुसऱ्या केंद्राशी बोलून आठवड्यातून एक दिवस तरी मुलं एकत्र आणा. आणि हात खाली सोडून डोकं हलवायची हौस त्याला आत्ताच लागू देऊ नका. ती मोकळीक कान्तोने वर्षानुवर्षांच्या घामातून मिळवली होती.

त्याच्या लढतींची जुनी चित्रणं मिळाली तर आधी ओगुमा किंवा वार्गासविरुद्धची पाहा. पहिल्यांदा बघताना आवाज बंद ठेवा आणि फक्त कंबरेखाली बघायला सांगा: पुढचा पाय कुठे पडतो, ठोसा मारल्यावर तो कुठे जातो. दुसऱ्यांदा फक्त डावा खांदा. ठोसे तिसऱ्यांदा मोजा. मग बुसानची लढत मिळवा आणि त्याला विचारा की कान्तोचा पाय कितव्या राउंडपासून उशिरा पडतोय. उत्तर चुकलं तरी हरकत नाही, त्याला त्याचं कारण सांगू द्या. ते सांगता आलं की दोराखालच्या सरावाला वेग द्यायला सुरुवात करा.